अर्जातील भाषेची अट : आफ्रिकी लेखकांच्या कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
आफ्रिकेतील लेखकांसाठी कार्यशाळा, निवासी शिबिरे आणि साहित्यसंमेलने भरवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त व निमंत्रक, आणि त्यांना अर्थसाहाय्य करणारी प्रतिष्ठाने यांस,

सविनय नमस्कार.

गेली काही वर्षे मी आफ्रिकेतील कथा मराठीत आणण्याचे काम करते आहे. आपल्या कार्यशाळांत मी कधी बसलेली नाही आणि आपल्या संस्थांच्या कारभाराविषयी बोलण्याचा कोणताही औपचारिक अधिकार मला नाही. तरीही हे पत्र लिहिते, कारण आपण जी निवड करता तिचा परिणाम शेवटी आमच्यापर्यंत येऊन पोहोचतो. लागोस, नैरोबी किंवा कंपाला येथे दहा-बारा लेखक निवडून आपण कार्यशाळा भरवता; तेथे लिहिलेल्या कथांचा इंग्रजी संग्रह निघतो; त्यातली एखादी कथा पुरस्काराच्या अंतिम यादीत जाते; लेखकाला लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा प्रकाशक मिळतो; आणि त्यानंतर काही वर्षांनी ते पुस्तक पुण्या-मुंबईच्या दुकानांत व तेथून माझ्यासारख्या अनुवादकाच्या हाती येते. मराठी वाचक ज्याला आफ्रिकी साहित्य म्हणून ओळखतो त्याचा मोठा भाग अशा रीतीने आपल्या अर्जाच्या नमुन्यापाशीच ठरून गेलेला असतो. त्या नमुन्यात एक अट असते, कधी स्पष्ट छापलेली, कधी गृहीत धरलेली, की पाठवायचे लेखन इंग्रजीत असावे. फ्रेंचांचे राज्य होते तेथे तीच अट फ्रेंचची असते. ही अट आपण काढून टाकावी, आणि ती केवळ कागदावरून जाऊन व्यवहारात तशीच राहू नये यासाठी जी व्यवस्था लागते तिच्यावर पैसे खर्च करावेत, एवढी माझी विनंती आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या विनंतीची कारणे सांगण्यासाठी.

या अटीचा इतिहास जुना आहे. जून १९६२ मध्ये कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठ महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली, आणि ती इंग्रजीतून लिहिणाऱ्या लेखकांची आहे हे तिच्या नावातच नमूद होते. युगांडा त्या वेळी स्वतंत्र व्हायचा होता. स्वातंत्र्य ऑक्टोबरात आले. परिषदेला नायजेरियाहून चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, क्रिस्टोफर ओकिग्बो आणि जे. पी. क्लार्क आले होते. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले इझेकिएल म्फालेले, लुइस एन्कोसी आणि ब्लोक मोदिसाने होते. केनियाच्या ग्रेस ओगोट आणि रिबेका न्जाऊ होत्या. अमेरिकेहून लँग्स्टन ह्यूज आले होते. मकेरेरेतच शिकणारा जेम्स न्गुगी नावाचा विद्यार्थी आपले हस्तलिखित घेऊन अचेबेंना भेटला, आणि १९६४ मध्ये त्याची पहिली कादंबरी हायनमन प्रकाशनाच्या आफ्रिकी लेखकमालेत निघाली. एका संमेलनाने एवढे घडवावे हे थोडे नाही. संमेलनांचा आणि कार्यशाळांचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देते.

त्याच विद्यार्थ्याने पुढे, न्गुगी वा थिओंगो या नावाने, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्या परिषदेचा हिशेब नव्याने मांडला. इंग्रजीत मोजक्या कथा छापून आलेल्या विद्यार्थ्याला आमंत्रण मिळते, परंतु शाबान रॉबर्ट यांना ते मिळू शकत नाही आणि फागुन्वा यांनाही नाही, ही विसंगती त्यांनी दाखवली. टांगानिकाचे, म्हणजे आजच्या टांझानियातले, शाबान रॉबर्ट हे त्या काळचे स्वाहिलीतले सर्वांत मोठे कवी आणि गद्यलेखक होते, नायजेरियाच्या डी. ओ. फागुन्वा यांची योरुबातली पहिली कादंबरी १९३८ ची, म्हणजे परिषदेला जमलेल्यांपैकी अनेकांच्या बालपणातली. परिषदेच्या व्याख्येत हे दोघेही लेखक म्हणून बसत नव्हते. आफ्रिकी साहित्य म्हणजे नेमके काय यावर ज्या महिन्यात कंपालात एवढी चर्चा झाली त्याच महिन्यात शाबान रॉबर्ट वारले, आणि त्या चर्चेचे आमंत्रण त्यांच्या नावे कधी निघालेच नव्हते.

परिषदेनंतर वर्षभराने, १९६३ मध्ये, नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी कंपालाच्या ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकात लेख लिहून हा मार्ग पुढे बंद होणारा आहे असा इशारा दिला. त्यांचे म्हणणे असे की, आफ्रिकी लेखन इंग्रजी व फ्रेंचच्या आधाराने चालत राहिले तर ते युरोपीय साहित्याची एक उपशाखा होऊन बसेल. लेख प्रसिद्ध होताच मोठे वादळ उठले आणि त्याच नियतकालिकात अनेक नामवंतांनी वालींना उत्तरे दिली. ‘ट्रान्झिशन’चे संस्थापक-संपादक रजत निओगी हे कंपालात जन्मलेले, बंगाली वंशाचे गृहस्थ, पूर्व आफ्रिकेच्या साहित्यव्यवहारात भारतीय वंशाच्या माणसांचा वाटा किती जवळचा होता हे आमच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून हा उल्लेख. मकेरेरेतच शिकलेले, गोव्याचे मूळ असलेले पीटर नाझरेथ हे त्याच पिढीतले कादंबरीकार.

अशा आमंत्रणांविषयी तक्रार करणारे पत्र ही आम्हा मराठी लोकांना अपरिचित गोष्ट नाही. १८८५ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेसाठी न्यायमूर्ती रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण पाठवले होते, आणि फुले यांनी ते पत्राने नाकारले. जे लोक सर्व माणसांचे हक्क प्रत्यक्षात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तेथे प्रश्न जातीचा होता आणि निमंत्रण तरी आले होते; आपल्याकडे प्रश्न भाषेचा आहे आणि पुष्कळांना निमंत्रणच येत नाही. दोन्ही परिस्थिती एकच आहेत असा माझा दावा नाही. परंतु साहित्याच्या सभेत कोण बसतो यावरून साहित्य म्हणजे काय हे ठरत जाते, आणि एकदा ठरलेले बदलायला अनेक पिढ्या लागतात, हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिलेले आहे.

आता पैशांविषयी. मकेरेरेच्या परिषदेला पॅरिसमधल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेचा आधार होता आणि ‘ट्रान्झिशन’लाही तिची मदत होत असे. या संस्थेमागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर यंत्रणेचा पैसा होता हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. जमलेल्या लेखकांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती, आणि केवळ पैशाच्या उगमामुळे त्यांचे लेखन खोटे ठरवणे मला पटत नाही. मला त्यातून दिसते ते वेगळे आहे. पैसा देणाऱ्याला अहवाल वाचता आला पाहिजे, निवड समितीला अर्ज वाचता आले पाहिजेत, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला भाषण कळले पाहिजे. या तीन सोयींतून संमेलनाची भाषा ठरते, आणि पुढे ती सोय हेच साहित्याचे तत्त्व असल्यासारखे बोलले जाते. आज देणगीदार वेगळे आहेत. कोठे ब्रिटनमधली प्रतिष्ठाने आहेत, कोठे ब्रिटिश कौन्सिल आहे, लागोसमध्ये चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००७ पासून चालवलेल्या कार्यशाळेला नायजेरियातल्या एका बिअर कंपनीने अनेक वर्षे पैसे दिले. यात लपवाछपवी नाही, गैरही काही नाही. परंतु सोयीचा तो नियम मात्र तसाच चालू आहे.

आपल्या कामाचे मोल मी जाणते, आणि ते न सांगता तक्रार करणे अन्यायाचे होईल. आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेला दिला जाणारा केन पुरस्कार २००० मध्ये सुरू झाला आणि पहिलाच मान सुदानच्या लैला अबुलेला यांना मिळाला. २००३ पासून पुरस्काराच्या संस्थेने आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत कार्यशाळा भरवल्या, घाना, केनिया, कॅमेरून, युगांडा, झिंबाब्वे, झांबिया, टांझानिया, रवांडा असा तिचा प्रवास झाला. दहा-बारा लेखकांनी दहा-बारा दिवस शहरापासून दूर राहावे, रोज लिहावे, संध्याकाळी एकमेकांना वाचून दाखवावे आणि जाताना एकेक कथा पूर्ण करून द्यावी, ही तिची पद्धत. त्या कथांचे संग्रह आफ्रिकेतल्याच अनेक प्रकाशकांनी एकाच वेळी काढावेत ही व्यवस्था तर मला विशेष शहाणपणाची वाटते. २००२ चा पुरस्कार मिळालेल्या बिन्यावांगा वैनैना यांनी नैरोबीला परत येऊन २००३ मध्ये ‘क्वानी?’ हे नियतकालिक उभे केले, आणि त्यात छापून आलेल्या कथेसाठी त्याच वर्षी यव्होन ओवूर यांना पुरस्कार मिळाला. एका पुरस्कारातून एक नियतकालिक आणि त्या नियतकालिकातून पुढचा लेखक, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

तरीही माझे वैयक्तिक मत विचाराल तर या सर्वांपेक्षा मला कंपालातली ‘फेमराइट’ ही संस्था अधिक महत्त्वाची वाटते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या युगांडाच्या लेखिकांच्या या संघटनेत दर सोमवारी संध्याकाळी कोणीही आपले लेखन घेऊन यावे, वाचावे आणि इतरांचे ऐकावे, असा परिपाठ वर्षानुवर्षे चालत आला. २००७ मध्ये केन पुरस्कार मिळवणाऱ्या युगांडाच्या पहिल्या लेखिका मोनिका अराक द न्येको या याच संस्थेत वाढल्या. विमानाची तिकिटे नाहीत, रम्य हॉटेल नाही, दहा दिवसांत कथा संपवण्याची घाई नाही. दहा दिवसांच्या कार्यशाळेत लेखक जे शिकतो त्यातले बरेचसे दहा दिवसांत लिहून होणारी कथा कशी लिहावी हेच असते, अशी शंका मला तेथून येणाऱ्या संग्रहांवर काम करताना अनेकदा आली आहे. पहिल्या परिच्छेदात धक्का, मध्ये घराकडे परतण्याचा प्रवास, शेवटी अर्धवट सोडलेले वाक्य. कथा वाईट नसतात, परंतु हरारेची आणि लागोसची कथा एकाच शिक्षकाकडे शिकल्यासारखी दिसू लागते. दर सोमवारी भेटणाऱ्यांना ही घाई नसते, आणि त्यांच्यात स्थानिक भाषेला जागा देणेही पुष्कळ सोपे असते, कारण ऐकणारे त्याच गावचे असतात.

भाषेच्या अटीवर बोलणे निघाले की आपल्याकडून येणारा पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो, आणि तो मला खरा वाटतो. एका खोलीत बसलेले बारा लेखक बारा भाषांत लिहीत असतील तर त्यांनी एकमेकांचे लेखन वाचायचे कसे? आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत, एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक; इतक्या भाषांचे परीक्षक आणायचे कोठून? हा आक्षेप बाराही लेखक बारा देशांतून आलेच पाहिजेत या गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक सोडले तर चित्र बदलते. युनेस्कोच्या अंदाजाने स्वाहिली बोलणारे वीस कोटींहून अधिक आहेत. केनिया, टांझानिया, युगांडा आणि पूर्व काँगो येथून बारा स्वाहिली लेखक एकत्र आले तर त्यांना एकमेकांचे वाचायला कोणाचीही मदत लागणार नाही, आणि ती कार्यशाळा तरीही चार देशांचीच असेल. हौसाची कार्यशाळा नायजेरिया आणि नायजर या दोन देशांची होईल, आणि ती इंग्रजी व फ्रेंच यांच्यामधली जी सरहद्द आजवरच्या बहुतेक संमेलनांना ओलांडता आली नाही ती सहज ओलांडेल. वोलोफची सेनेगलमधल्या डाकारपासून गांबियातल्या बांजुलपर्यंत अशी होईल, तेथेही तेच. आफ्रिकी भाषा निवडल्या तर लेखक आपापल्या प्रांतात कोंडले जातात असे समजणाऱ्यांनी नकाशा पुन्हा पाहावा.

असे प्रयोग झालेले नाहीत असेही नाही. केनियातल्या लिमुरूजवळच्या कामिरीथू या वस्तीत १९७७ मध्ये जे घडले त्याला कोणी कार्यशाळा म्हटले नाही, परंतु मला तरी आफ्रिकेत झालेली सर्वांत मोठी लेखन-कार्यशाळा तीच वाटते. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयू भाषेत नाटकाचा मसुदा लिहून वस्तीतल्या लोकांपुढे ठेवला. त्यांत शेतमजूर होते, बूट कारखान्यातले आणि चहामळ्यांतले कामगार होते, म्हातारी माणसे होती. त्यांनी मसुद्यातली भाषा सुधारली, म्हातारा माणूस अशा शब्दांत बोलत नाही असे सांगितले, गाणी बदलली, वसाहतकाळात आपण स्वतः काय पाहिले ते त्यात घातले. दोन हजार माणसे बसतील असे खुले नाट्यगृह त्यांनीच बांधले. २ ऑक्टोबरला प्रयोग सुरू झाले, १६ नोव्हेंबरला सरकारने परवाना काढून घेतला, वर्षअखेरीस न्गुगींना विनाचौकशी स्थानबद्ध केले आणि १९८२ मध्ये ते नाट्यगृहच पाडून टाकले. त्याच न्गुगींच्या इंग्रजी कादंबऱ्या याच काळात केनियात विकल्या जात होत्या आणि सरकारला त्यांची फारशी भीती वाटलेली नव्हती. लेखकाची भाषा कोणाला किती लागते हे सरकारला आपल्यापेक्षा लवकर कळले होते, असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण फ्रेंचच्या बाजूचे आहे. रवांडातल्या नरसंहारानंतर चार वर्षांनी, १९९८ मध्ये, फ्रान्समधल्या लिल शहरातल्या ‘फेस्त आफ्रिका’ या महोत्सवाच्या संयोजकांनी वेगवेगळ्या आफ्रिकी देशांतल्या सुमारे दहा लेखकांना किगालीत राहायला नेले. त्यांनी कत्तलीच्या जागा पाहिल्या, वाचलेल्यांशी आणि तुरुंगातल्या आरोपींशी बोलले, आणि २००० मध्ये त्यांची पुस्तके आली. कोत द’इव्हॉरच्या व्हेरोनिक ताज्यो, गिनीचे तिएर्नो मोनेनेम्बो, जिबूतीचे अब्दुररहमान वाबेरी अशी ही नावे आहेत. सेनेगलचे बूबाकार बोरिस जोप त्यांच्यातलेच. तोवर फ्रेंचमध्येच कादंबऱ्या लिहिणाऱ्या जोप यांनी या अनुभवानंतर २००३ मध्ये वोलोफमध्ये कादंबरी प्रसिद्ध केली, आणि आपल्या भाषेकडे वळण्याचा आणि रवांडात जे पाहिले त्याचा संबंध त्यांनी स्वतः सांगितला आहे. निवासी शिबिर चांगले असेल तर त्यातून लेखक मूळ अटीच्या बाहेरही पडतो. परंतु बाहेर पडल्यावर त्याला पुढच्या शिबिरात जागा असते का, हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

जानेवारी २००० मध्ये इरिट्रियाच्या अस्मारा येथे भरलेल्या परिषदेने आफ्रिकी भाषांनी आफ्रिकेच्या वतीने बोलण्याची जबाबदारी घेतली पाहिजे असा जाहीरनामा काढला. जाहीरनामे निघतात आणि विसरले जातात, त्यावर अधिक लिहीत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष जे झाले त्यातल्या तीन गोष्टी मात्र आपण पाहाव्यात. हर्गेसा येथे २००८ पासून दरवर्षी भरणारा ग्रंथमेळावा मुख्यतः सोमाली भाषेत चालतो; ज्या भाषेची अधिकृत लिपी १९७२ मध्ये ठरली आणि जिचे कवी त्याआधीपासून ध्वनिफितींवरून गावोगाव ऐकले जात, तिच्यासाठी पुस्तकांचा बाजार त्या शहराने सोमालीलँड या, त्या वेळी आंतरराष्ट्रीय मान्यता नसलेल्या प्रदेशात उभा केला. २०१४ मध्ये स्वाहिलीसाठी पुरस्कार सुरू झाला; त्याला कॉर्नेल विद्यापीठाबरोबर केनियातल्या, छपराचे पत्रे बनवणाऱ्या कंपनीने पैसे दिले, एकूण रक्कम १५,००० डॉलर, आणि विजेत्यांची पुस्तके पूर्व आफ्रिकेतल्याच प्रकाशकांकडून निघावीत अशी त्यात योजना होती. तिसरी गोष्ट नैरोबीच्या ‘जलाडा’ या लेखकगटाची. हा गट जन्मला तोच २०१३ च्या एका कार्यशाळेतून. मार्च २०१६ मध्ये त्यांनी न्गुगींची एक गिकुयू लोककथेसारखी कथा तीसहून अधिक भाषांत एकाच वेळी प्रसिद्ध केली, आणि पुढे त्या भाषांची संख्या शंभराच्या वर गेली. बहुतेक अनुवादकांनी इंग्रजी पाठावरून काम केले हे खरे आहे. परंतु कथा गिकुयूत जन्मली आणि इंग्रजी मधल्या टप्प्यावर आली, एवढ्या फरकानेही लेखकाची बसण्याची जागा बदलते.

राहिला वाचकांचा प्रश्न. आफ्रिकी भाषांत वाचकच नाहीत, असे आपल्यापैकी काही जण खाजगीत म्हणतात. त्यांनी कानोच्या बाजाराकडे पाहावे. उत्तर नायजेरियातल्या या शहरात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हौसा भाषेत पातळ, स्वस्त, बहुधा भागाभागांनी निघणाऱ्या कादंबऱ्यांचा व्यवसाय उभा राहिला. लिहिणाऱ्यांत पुष्कळ स्त्रिया, वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया, आणि विषय सवतींचे, सक्तीच्या लग्नांचे, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बायकांचे. २००७ मध्ये तेथल्या राज्यपालांनी या पुस्तकांची जाहीर होळी केली, आणि वाचक नसलेल्या पुस्तकांची होळी करायला कोणी राज्यपाल येत नाही. या लेखिकांपैकी बालाराबा रमत याकुबू यांची १९९० ची कादंबरी २०१२ मध्ये इंग्रजीत आली. अनुवाद कानोच्याच अलियू कमाल यांनी केला, आणि तो काढला चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाने. लंडन नव्हे, लागोसही नव्हे. एरवी तमिळमधल्या स्वस्त रहस्यकथांचे इंग्रजी अनुवाद काढणाऱ्या प्रकाशकाला त्या बाजारातले लेखन ओळखता आले, कारण तसलाच बाजार त्याच्या दाराशी होता. कानोच्या या लेखिकांपैकी कोणी आपल्या कार्यशाळेसाठी अर्ज केला तर इंग्रजीतल्या लेखनाचा नमुना नाही म्हणून तो पहिल्याच फेरीत बाद होईल. त्यांच्या कादंबऱ्या हजारो घरांत वाचल्या गेल्या आहेत, ही गोष्ट अर्जात लिहायला रकाना नाही.

माझ्या मागणीला एक गंभीर विरोध आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत भाषा ही वांशिक राजकारणाची खूण आहे. केनियात गिकुयूचा आग्रह धरणाऱ्याकडे इतर समाज कोणत्या नजरेने पाहतात, आणि २००७ च्या निवडणुकीनंतर वांशिक हिंसाचार कसा उसळला, हे मी सांगायची गरज नाही. शिवाय ज्या मुलांच्या आई-बापांच्या भाषा वेगळ्या आहेत, जी शहरात इंग्रजीतच वाढली, त्यांना आता मूळ भाषेत लिहा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. म्हणूनच मी इंग्रजी बंद करा असे म्हणत नाही. अबुलेला, ओवूर, अदिची यांचे लेखन मी आनंदाने वाचते. अट काढणे आणि नवी अट घालणे यांत फरक आहे, आणि लेखकाने कोणत्या भाषेत लिहावे हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही निमंत्रकाला नसावा, मग तो इंग्रजीचा असो की गिकुयूचा. ग्रेस ओगोट यांनी इंग्रजीत लिहिले आणि पुढे धोलुओ या आपल्या मातृभाषेतही लिहिले. एकाच लेखिकेला दोन्ही दारे उघडी असावीत एवढेच.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे याविषयी माझ्या सूचना मांडते. अर्जाबरोबरचा नमुना कोणत्याही आफ्रिकी भाषेत स्वीकारावा आणि त्यासोबत एका पानाचा सारांश मागावा. ज्या भाषेचे पाच-सहा अर्ज येतील त्या भाषेचे दोन वाचक मानधन देऊन नेमावेत, त्यांतला एक तरी त्या देशात राहणारा असावा. हा खर्च एका परदेशी मार्गदर्शकाच्या विमानप्रवासापेक्षा फार जास्त होणार नाही असा माझा अंदाज आहे. दर तीन कार्यशाळांतली एक तरी एकाच आफ्रिकी भाषेत घ्यावी, आणि तिचा मार्गदर्शक त्या भाषेतला लेखक असावा, इंग्रजीत नाव कमावून पाहुणा म्हणून आलेला नव्हे. उरलेल्या मिश्र कार्यशाळांत प्रत्येक आफ्रिकी भाषेतल्या लेखकासोबत एका अनुवादकाला बोलवावे, त्याला लेखकाइतकेच मानधन द्यावे, आणि संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव छापावे. या शेवटच्या मुद्द्यात माझा व्यवसायबंधूंविषयीचा पक्षपात आहे, तो मी मान्य करते. परंतु मूळ लेखक शेजारी बसलेला असताना शंका विचारत झालेला अनुवाद आणि घरी शब्दकोश घेऊन झालेला अनुवाद यांतला फरक मला रोज दिसतो. संग्रह दोन्ही पाठांचा असावा, डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. तसा संग्रह हाती आला तर आमच्याकडचा एखादा तरुण अनुवादक स्वाहिली किंवा हौसा शिकण्याचे मनावर घेऊ शकेल. आज त्याच्यासमोर मूळ पाठच नसतो.

देणगीदार प्रतिष्ठानांना वेगळे सांगायचे आहे. दहा दिवसांच्या एका निवासी शिबिराच्या खर्चात कंपाला, कानो किंवा मोम्बासा येथील आठवड्याच्या वाचनगटाला खोलीचे भाडे, चहा, झेरॉक्स आणि एका संयोजकाचे अर्धवेळ मानधन किती वर्षे देता येईल याचा हिशेब आपण एकदा आपल्या संस्थांकडून मागवावा. अहवालासाठी छायाचित्रे कमी मिळतील. वर्षअखेरीस दाखवायला संग्रह नसेल. परंतु अनुदानाच्या अटींत ‘इंग्रजी संग्रह प्रकाशित करणे’ हे फलित म्हणून लिहिलेले असते तोवर निमंत्रकांनी कितीही मनावर घेतले तरी ते अट काढू शकणार नाहीत, कारण ती अट मुळात आपली आहे.

अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, आणि झांझिबारच्या या लेखकाची इंग्रजी कादंबरी त्याच्या मातृभाषेत, स्वाहिलीत, त्यानंतर दार-एस-सलामहून निघाली. त्या अनुवादाचे स्वागत झाले ते योग्यच झाले. मात्र आज झांझिबारमध्ये स्वाहिलीतच लिहीत बसलेल्या कोणाला तरी आपल्या पुढच्या कार्यशाळेची सूचना वाचून अर्ज करता येईल की नाही, हे आपण ती सूचना कशी लिहिता यावर अवलंबून आहे. आगामी वर्षाच्या सूचना निघण्यापूर्वी भाषेच्या अटीविषयी आपापल्या संस्थेची भूमिका आपण जाहीर करावी, आणि अट ठेवायची असेल तर तिचे कारण त्याच सूचनेत छापावे, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक मराठी अनुवादक